पगार वाढला की ताटातली भाजी वाढते का?

मानेवाडा_मास्तरीण (धागा सुरू)

मी नागपुरात मानेवाड्याला घरीच आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेते. मागच्या महिन्यात शेकडेवारी शिकवताना मुलांना एक काम दिलं. आठवडाभर घरात कोणती भाजी आली, कोणतं फळ आलं, किती पैसे गेले, ते वहीत लिहून आणायचं. घरच्या मिळकतीबद्दल एक शब्दही विचारला नाही, पण कोणतं पोर कुठल्या घरातून येतं ते मला माहीत आहे.

दोन वह्या डोक्यातून जात नाहीत. एका मुलीचे वडील बँकेत आहेत. तिच्या वहीत पालक, फुलकोबी, ढेमसं, भेंडी, गाजर, काकडी आणि फळांच्या रकान्यात सफरचंद, डाळिंब, पपई. दुसऱ्या मुलाचे वडील सेंट्रिंगच्या कामाला जातात, आई दोन घरी पोळ्या करते. त्याची वही अशी: सोमवार आलू. मंगळवार आलू-वांगं. बुधवार पालक, टमाटर (बाजार). गुरुवार बेसन. शुक्रवार डाळ. शनिवार आलू. रविवार चिकन, अर्धा किलो. फळांच्या रकान्यात एकच ओळ होती: "केळी 2. आजी पडली म्हणून."

"भाज्या खा, फळं खा" हा सल्ला आपण आवडीनिवडीची गोष्ट असल्यासारखा देतो. माझं म्हणणं आहे की ही आधी मिळकतीची गोष्ट आहे. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. आमच्या बाजारात या आठवड्यात सरासरी 40 रुपये किलो भाजी आणि 80 रुपये किलो फळ धरलं, तर माणशी 16 अधिक 8, म्हणजे रोजचे 24 रुपये.

आता केंद्र सरकारचं 2022-23 चं घरखर्चाचं सर्वेक्षण घ्या. शहरातल्या सगळ्यात खालच्या 5 टक्के लोकांचा माणशी महिन्याचा सगळा खर्च होता 2001 रुपये. दिवसाला 67. त्यात घरभाडं, वीज, ऑटो, औषध, तांदूळ, तेल, सगळं आलं. 67 मधून 24 काढायचे म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. सगळ्यात वरच्या 5 टक्क्यांचा माणशी खर्च 20,824 रुपये, दिवसाला 694. त्यांना तेच 24 रुपये साडेतीन टक्के पडतात. सारखाच सल्ला, आणि एकाला तो दहापट जड. यात सवयीचा प्रश्न कुठे आला, ते मला सांगा.

धरमपेठचा_रहिवासी

ताई, तुमची तळमळ पोचली, पण हिशेबात एक गडबड आहे. खर्च 2022-23 चा आणि भाव आजचे. तेव्हाचा 67 चा खर्च आज 80 असेल, तर तुमचं गणित बदलतं.

तेही सोडा. मूळ मुद्द्याशीच मी सहमत नाही. त्याच सर्वेक्षणात शहरी घरांच्या खर्चात शीतपेयं, तयार खाणं, पाकिटातले पदार्थ यांचा वाटा साडेदहा टक्क्यांच्या वर आहे. भाजीचा वाटा 4 टक्क्यांच्या आत, आणि फळांचाही 4 च्या आतच. म्हणजे पैसा हातात आहे, तो भाजीकडे वळत नाही. कोणत्याही वस्तीतल्या किराणा दुकानासमोर सकाळी दहा मिनिटं उभे राहा. शाळेत जाणारी पोरं 5 आणि 10 रुपयांची पाकिटं घेऊन निघतात. त्या 10 रुपयांत दोन केळी येतात.

आणि माझंच घर घ्या. मिळकतीची ददात नाही, गोकुळपेठ बाजार पायी पाच मिनिटांवर. माझा मुलगा बारावीत आहे. भेंडी आणि आलू सोडून तिसरी भाजी त्याच्या ताटात टिकत नाही. उलट माझे वडील रेल्वेत खालच्या पगारावर होते, आम्ही चार भावंडं. पावसाळ्यात आई आम्हाला तरोट्याची रानभाजी खुडायला पाठवायची. उन्हाळ्यात चिवळ, थंडीत अंबाडी, चुका. रोज ताटात हिरवं असायचं, आणि खिशात काही नसायचं. मिळकतच कारण असती तर हे उलटं का झालं?

ठेलेवाला_पोरगा

माय 19 वर्षांपासून भाजीचा ठेला लावते, मी कॉलेज करून सोबत असतो. पहाटे चारले कॉटन मार्केटले जातो. दोघांचंही वाचलं. मले जे रोज दिसते ते सांगतो.

टमाटर 50 रुपये किलो असले तर पाव आम्ही 15 ले देतो. म्हणजे पाव घेणाऱ्याले किलो 60 नं पडला. काहून? 25 किलोच्या कॅरेटमधले दोन-तीन किलो दबलेले निघतात, ते कुठंतरी भरून काढा लागते. पाव तोलतानी काटा जरा वरच जाते. आणि पाव घेतला तरी वरून सांभार (कोथिंबीर) आणि मिरची फुकट मागतातच. आम्ही लुटून नाही राहिलो, पण हे खरं आहे की जो रोज पाव-पाव घेते तो महिन्याचे जास्त पैसे मोजते.

आता तो किलो काहून नाही घेत? कारण घरी फ्रिज नाही, असला तर चालू नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत पालकाची जुडी सकाळी आणली तर दुपारी हातात धरवत नाही. आलू, कांदा, कोहळं टिकते. म्हणून तेच जाते. आणि रोजीवाल्याच्या हातात पैसा येते संध्याकाळी. तो ठेल्यावर येते आठनंतर. तोवर चांगला माल उचलून झाला असते, ढीग उरतात. दहाचा ढीग, त्यात दोन वांगे किडके निघणारच. ते घरी गेल्यावर कळते.

फळाचं सांगू का? मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, गेटासमोर फळाच्या हातगाड्या पाहा. गरिबाच्या घरी फळ आजाऱ्याच्या नावानं येते. नाहीतर उपासाले.

मानेवाडा_मास्तरीण

धरमपेठकर दादा, तुमची दुरुस्ती मान्य. 67 चे 80 धरले तरी 24 म्हणजे 30 टक्के होतात. माझा मुद्दा त्याने पडत नाही. 2016 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात 18 देशांचा अभ्यास आला होता. रोज फळांचे 2 आणि भाज्यांचे 3 वाढप (एका वेळी ताटात वाढतो तेवढा भाग) घ्यायचे, तर भारत ज्या कमी उत्पन्नाच्या गटात होता तिथे उत्पन्नाचे जवळपास 52 टक्के लागत होते. श्रीमंत देशांत 2 टक्के. आणि लोक खात किती होते? गरीब गटात दिवसाला दोनच्या जरा वर, श्रीमंत गटात पाचच्या वर. हा फरक जिभेच्या चवीचा असेल असं मला वाटत नाही.

तरोट्याबद्दल विचारते. तुमच्या लहानपणी घराच्या मागे मोकळी जागा होती ना? आमच्याकडे आता प्लॉटला प्लॉट लागून आहे आणि रस्ते सिमेंटचे. तरोटा उगवायचा कुठे?

आहारवाली_काकू

मी गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाले. दोन्ही बाजूंशी थोडं भांडणार आहे.

मास्तरीणबाई, 400 आणि 100 ग्रॅम हे 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढाचं माप आहे. सहा वर्षांच्या पोराला तेवढं लागत नाही. घरात दोन लहान मुलं असतील तर तुमचा खर्च खाली येतो.

पण धरमपेठकरांना एक गोष्ट समजावून सांगावीशी वाटते, कारण ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. किलोभर तांदळातून साडेतीन हजार कॅलरी मिळतात. किलोभर पालकातून अडीचशेच्या आसपास. आलूतून सातशे-आठशे. तांदूळ आणि पालक यांचा भाव एक असला तरी ज्याला दिवसभर वीटगारा उचलायचा आहे त्याच्यासाठी पालक हा चौदापट महाग सौदा आहे. पोट भरल्याशिवाय पाठ चालत नाही. तुटपुंज्या पैशातून आधी तांदूळ, मग तेल, मग डाळ आणि उरलं तर हिरवं, ही निवड अडाणीपणाची नाही. ती बाई अगदी बरोबर हिशेब करते. फक्त त्या हिशेबात लोह आणि जीवनसत्त्वं दिसत नाहीत. त्यांची उणीव काही वर्षांनी मुलीच्या पांढऱ्या पडलेल्या नखांत दिसते.

रेशनचंही तसंच आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्य येतं, 2023 पासून ते फुकट आहे. त्यामुळे पोट भरतं, हे छोटं काम नाही. पण पिशवीत हिरवं काही येत नाही.

आता माझी तक्रार. फळ म्हटलं की सगळे सफरचंदाकडे का बघतात? आपला जाम (पेरू) घ्या. शंभर ग्रॅम जामात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आवळ्यात त्याहूनही जास्त. हंगामात जाम, बोरं, आवळे, पपई यांना फार पैसे पडत नाहीत. डाळीवर अर्धं लिंबू पिळलं तर त्याच डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं. हे ज्ञान घराघरांत पोचलेलं नाही आणि तिथे पैशाचं कारण पुरं पडत नाही.

संत्रेवाला_काटोल

शेतकऱ्याची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. काटोल तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. भाजी-फळ गरिबाला परवडावं म्हटलं की शहरात सगळ्यांची नजर आमच्या भावावर येते. स्वस्त व्हायला पाहिजे म्हणजे आमच्याकडून अजून स्वस्त घ्यायचं का?

रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासात आलं आहे की ग्राहक टमाटरला जो रुपया देतो त्यातले 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्याचे 36, आलूचे 37. जुलै 2023 मध्ये टमाटर शंभरच्या वर गेले तेव्हा बोंब झाली. ज्या वेळी लोक टमाटर रस्त्यावर ओततात तेव्हा शहरातलं कोणी विचारायला येत नाही.

संत्र्याचं म्हणाल तर 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण एक नंबरचा माल बाहेर जातो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तोही मार्ग कठीण झाला. इथे उरते ती चुरी, म्हणजे लहान फळ. आंबिया बहाराची (पावसाळ्यानंतर निघणाऱ्या फळांची) चुरी हिवाळ्यात ढिगाने विकते, चवीला काही कमी नसते. त्या दिवसांत नागपुरात गरिबाला संत्रा मिळत नाही असं मी मान्य करणार नाही. तरी लोक मोठं, चकचकीत फळच शोधतात. ही सवयच आहे.

दोन_पोट्ट्यांची_माय

मी सहसा वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. नवरा हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी कामाला, मी शिवणकाम करते. मास्तरीणबाईंच्या दुसऱ्या वहीतलं घर माझंच समजा.

5 रुपयांच्या पाकिटाबद्दल दादा बोलले. ते पाकीट मी घेऊन देते. का ते सांगते. माझ्याकडे 20 रुपये आहेत. मी ढेमसं आणलं, मोठ्याने ताट सरकवलं, लहान्याने दोन घास खाऊन थुंकलं. आता माझ्याकडे दुसरे 20 नाहीत. त्या रात्री पोरं चटणी-पोळीवर झोपतात. दुसऱ्या दिवशी मी आलूच आणणार. आलू कोणी टाकत नाही. तुमच्या मुलाने भाजी नाही खाल्ली तर तुमच्याकडे अंडी आहेत, पनीर आहे, दूध आहे, उद्या परत नवी भाजी करून बघता येते. पोराला चव लागायला दहा-बारा वेळा ताटात यावं लागतं म्हणतात. ते दहा वेळा वाया घालवायला पैसे कोण देणार? दादा, तुम्ही ज्याला सवय म्हणता ती अशी विकत घ्यावी लागते.

आणि फळ. पोट्टे केळीवाल्याकडे बघतात ते मला दिसत नाही का? अर्धा डझन केळी आणली तर दोघांत एका संध्याकाळी संपतात, आणि मग तासाभराने भूक लागते ती लागतेच. पाकीट 5 चं आहे, तेवढ्यात एक पोर गप्प होतं. मला हे चांगलं वाटत नाही. पण हे अज्ञान नाही.

2024 पासून लाडक्या बहिणीचे 1500 रुपये येतात. तारीख मागेपुढे होते, पण येतात. पहिले दोन महिने उधारीत गेले. तिसऱ्यात मोठ्याची फी. चौथ्या महिन्यात मी पहिल्यांदा कॉटन मार्केटला गेले आणि एकदम चार किलो भाजी आणली. शेजारणीच्या फ्रिजमध्ये एक कप्पा मागितला. त्या आठवड्यात घरात मेथी दोनदा झाली. लहान्याने दुसऱ्या वेळी खाल्ली.

धरमपेठचा_रहिवासी

ताई, तुमचं लिहिलेलं मी बायकोला वाचून दाखवलं. वाया जाणाऱ्या भाजीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. आमच्या घरी मुलाने नाकारलेली भाजी दुसऱ्या दिवशी टाकली जाते आणि ते मला जाणवतही नाही. पाकिटांबद्दलचं माझं वाक्य मी मागे घेतो.

पण पूर्ण हार मानत नाही. माझ्या ओळखीचा एक माणूस आधी दुसऱ्याचा ऑटो चालवायचा, आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत. मिळकत तिप्पट झाली. घरात भाजी वाढली नाही, बाहेरून मागवणं वाढलं. म्हणजे मिळकत वाढल्यावर भाजी आपोआप येत नाही, हे तरी मान्य कराल का? मिळकत दार उघडते, पण त्या दारातून मेथी आत येईल की पिझ्झा, ते कोणीतरी ठरवावं लागतं.

आहारवाली_काकू

हे मान्य आहे, आणि त्यात वयाचा भाग मोठा आहे. ज्या पोराला सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत चव लागली नाही, तो पुढे पैसेवाला झाला म्हणून कारलं खाणार नाही. तुमचा ऑटोवालाही कदाचित अशाच घरातला असेल. गरिबीतली सवय मिळकत वाढल्यावरही पाठ सोडत नाही. म्हणून मी म्हणते की चव लावण्याचा खर्च घरावर टाकू नका, शाळेवर टाका. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला 75. खिचडीत ती खरंच 50 ग्रॅम पडते का, हे पालकांनी जाऊन पाहिलं पाहिजे. शाळेच्या पंगतीत शेजारचा खातो म्हणून पोर खातं. तिथे टाकलेला घास आईच्या 20 रुपयांतून जात नाही.

संत्रेवाला_काटोल

काकू, मग त्या शाळांना हिवाळ्यात चुरी द्या. आमच्याकडची बाग तोडताना एकेका खेपेत जी लहान फळं निघतात ती आम्ही मातीमोल भावाने देतो. शाळेने सरळ बागेतून घेतली तर आम्हाला दोन पैसे जास्त मिळतील आणि पोरांना डिसेंबर-जानेवारीभर रोज एक संत्रं. मधला कोणी नको. मी माझ्या गावच्या शाळेत या मोसमात स्वतः नेऊन देतो. नागपूरच्या शाळेचं मला माहीत नाही, कोणाला विचारायचं ते सांगा.

मानेवाडा_मास्तरीण

दादा, मी आमच्या वॉर्डातल्या मनपा शाळेच्या मुख्याध्यापकांशी सोमवारी बोलते. बाकी मुलांना नवीन गणित दिलं आहे: किलोचा भाव, पावाचा भाव आणि रोज पाव घेणाऱ्या घराचे महिन्याला किती रुपये जास्त जातात. दोन मुलींनी सोडवून आणलं. टमाटर, वांगं आणि भेंडी, तिन्ही रोज पाव-पाव घेतले तर उत्तर आलं 225 रुपये.

ठेलेवाल्या भाऊ, एक विचारायचं होतं. चार-पाच घरांनी मिळून सकाळी एकत्र 5 किलो घेतले, तर तुझी माय किलोच्या भावात देईल का? वाटणी आम्ही करू.

ठेलेवाला_पोरगा

मायले विचारलं. म्हणते, देईन, पण दोन अटी. सकाळी नऊच्या आत या आणि सांभार फुकट मागू नका. आलू-कांद्यात आणखी दोन रुपये कमी करील. पालेभाजीचं ती बोलत नाही, उन्हाळ्यात तिचाच निम्मा माल वाळते. दोन पोट्ट्यांच्या मायले सांगा, मेथी सध्या चांगली येऊन राहिली.